‘सी’ची नोंद मीच करणार

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या कार्डावरून कळलं. कार्डावरच्या ओळी डोंगर चढायला निघाल्यात, हेही कळलं. शेवटची ओळ तर थेट पत्त्यावर जाऊन बसली होती. पोस्टमनचे उपकार मान, नाहीतर कार्ड परत तुझ्याच दारात आलं असतं.

ताई, डॉक्टरांकडून परत येताना बसमध्ये जे बोलायचं राहिलं, ते आता लिहितो. या गावातल्या निम्म्या नाकांवर माझ्या हातच्या काचा आहेत. कुणाची काच जड झाली, कुणाची काडी ढिली झाली, मी नुसत्या चालण्यावरून सांगतो. आणि तुझ्या डोळ्याचा मागचा पडदा मधोमध झिजत चाललाय, त्याला जगातल्या कुठल्याच नंबराची काच लागू पडत नाही. सख्ख्या बहिणीला द्यायला माझ्या दुकानात एक काच नाही! मला याचा भयंकर राग येतो. कुणाचा ते माहीत नाही, पण येतो.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, की तू आता आमच्याकडेच राहायला ये. मागची खोली रिकामी केली. तुझ्या भावजयीनं जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारलाय आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ लावण्यात तुझा जन्म गेला. कोश ‘एस’पर्यंत आणलास, ते काय थोडं झालं? उरलेली अक्षरं दुसरं कुणी करील. तुझ्या संचालकांना डोळ्यांचं सांगितलंस का? नसशील तर आधी ते सांग.

एक गंमत. परवा एका बाईंना नवा चष्मा दिला. बाहेर नवरा उभा होता. त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि परत आत येऊन मला म्हणाल्या, की नंबर थोडा कमी करून मिळेल का.

लोभ आहेच. थोडं माझं ऐकण्याचंही मनावर घ्यावं, ही विनंती.

तुझा,
धाकटा


११ जून

चि. भिंग्यास,
अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे उरलेलं पत्र तू शांतपणे वाचशील.

भावजयीला माझे आशीर्वाद सांग आणि म्हणावं, पट्टे राहू देत, तुझा नवरा जिन्यात धडपडतो त्याला उपयोगी पडतील. आणि तू फोन करू नकोस, पत्रच लिही. आमच्या ऑफिसातली टायपिस्ट वाचून दाखवते. फोनवर तू असा ओरडतोस, की जणू माझे कान गेलेत. या पत्राच्या ओळी बघ, सरळ आहेत ना? जाड पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच कापली आहे. खाचेत लिहायचं, पुठ्ठा खाली सरकवायचा. कडेचं मला अजून छान दिसतं. दार दिसतं, दारात कुणी आलंय हेही दिसतं, फक्त त्याच्या तोंडाच्या जागी धूसर गोळा असतो. आमच्या ऑफिसातल्या काही तोंडांच्या बाबतीत ही सोयच आहे.

संचालकांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं की ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील. माझं काम अडलेलं नाही. टायपिस्ट समोर बसते, खोक्यातल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचते, मी अर्थ लावते, ती टंकते. लोकांना वाटतं आम्ही मुद्रितं ताडून बघतोय.

आणि आता तर मी हलणारच नाही, कारण ‘सी’ हा शब्द आलाय. सी म्हणजे बघणं. तीन अक्षरांचा एवढासा शब्द, पण काय माजोरी आहे! तुला आमचा नियम माहीत नाही, म्हणून सांगते. आमच्या जुन्या मुख्य संपादकांनी तो घालून दिला. इंग्रज माणूस जिथे ‘सी’ म्हणेल, तिथे आपला माणूस प्रत्यक्ष काय बोलतो ते ऐकायचं, चिठ्ठीवर उतरवायचं, खाली लिहायचं कोण बोललं: शिंपी, नर्स, घरमालकीण. टेबलाशी बसून रचलेलं वाक्य चालत नाही. संपादकाचं स्वतःचं तर नाहीच नाही.

आता ऐक. इंग्रज डॉक्टरला ‘बघायला’ जातो. आपण डॉक्टरला दाखवून येतो. म्हणजे तिकडे बघणारा रोगी आणि इकडे बघणारा डॉक्टर! तिकडे गाडीवर सोडायला गेले तरी ‘सी’, आपण पोचवायला जातो. तो ‘आय सी’ म्हणाला की आपण म्हणतो, अस्सं! आमचे संचालकही ‘आय सी’ म्हणतात, पण ते काहीच कळलं नाही तेव्हा. एखादा पोरगा कुणा पोरीला ‘सी’ करतोय म्हटलं तर आमची घरमालकीण म्हणते, त्यांचं जुळलंय. असे ढीगभर अर्थ, भिंग्या, आणि डोळे लागतात ते जेमतेम दोनचार ठिकाणी. बाकी सगळं कानांचं आणि अकलेचं काम. ते दोन्ही माझ्याकडे शाबूत आहेत.

तुझ्या दुकानात दिवसभर बघण्याच्याच गोष्टी चालतात. वाक्यं ऐकून पाठव. रचू नकोस, मला लगेच कळतं.

लोभ आहेच, तुझ्या उपदेशाला पुरून उरेल इतका.

तुझी,
ताई


१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू ऐकणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी वाईट वाटलं. पण आता मलाही नाद लागलाय. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी काच घासायची थांबवतो आणि कान टवकारतो. काल एकाचा तर नंबरच विसरलो.

वाक्यं घे. उधारी मागितली की शिंपी म्हणतो, “बघू.” म्हणजे नाही. चाचणीचा तक्ता समोर असताना एक शिक्षक म्हणाले, “थांबा हं, आठवू द्या,” आणि पाठ केलेली अक्षरं म्हणून दाखवली. एका म्हाताऱ्यानं मोडकी फ्रेम टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “हिनं चांगले दिवस बघितलेत.” तुझी भावजय रोज म्हणते, “तुमचं तुम्ही बघा,” पण हे इंग्रजीत काय होतं मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

आता महत्त्वाचं. तुझ्यासाठी मी एक भिंग घडवलंय. टेबलावर उभं राहतं, आत दिवा आहे, मान हवी तशी वळते. मधला डाग चुकवून कडेनं कसं वाचायचं, म्हणजे नजर शब्दावर न ठेवता जरा वर ठेवायची, ते मी एका चिठ्ठीत नीट लिहून आत ठेवलंय. तुझ्या खोलीवर दिवसा कुणी नसतं, पार्सल परत येईल, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं. काच घासताना मन लावून घासलंय, सांभाळून वापर.

लोभ आहेच. भिंगावर धूळ बसू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा


२७ जून

भिंग्या,

आशीर्वाद नंतर देईन. आधी भांडते.

पार्सलवर तू माझं नाव न घालता फक्त ‘कोश विभाग’ असं लिहिलंस. कोश विभागाच्या नावे येणारं सगळं टपाल संचालक फोडतात. त्यांनी ते सगळ्यांसमोर फोडलं. आत तुझी चिठ्ठी. गिऱ्हाइकाला समजावतोस तशी, मोठ्या अक्षरात, आकृती काढून: मधला भाग गेलेला आहे, नजर वर ठेवावी, ताईनं घाई करू नये, आणि खाली दुकानाच्या नावासकट तुझी सही. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. वाचून म्हणाले, “आय सी.” आणि या वेळी त्यांना खरोखरच कळलं होतं.

दुपारी मला आत बोलावलं. खुर्ची स्वतः ओढून दिली, तेव्हाच मी ओळखलं. आवाज हळू. म्हणाले, की ज्या व्यक्तीला दिसत नाही तिनं बघण्यावरची नोंद करणं संस्थेला शोभणार नाही, उद्या कुणी वर्तमानपत्रात लिहिलं म्हणजे? ‘सी’ची नोंद आता नवीन आलेले सहायक करतील. ऑफिसात त्यांना सगळे टापटीप म्हणतात, कारण त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे मांडलेल्या असतात. आणि मला, दमायला नको म्हणून, ‘एक्स’ हे अक्षर दिलं. एक्स! अरे, ते अख्खं अक्षर दीड पानात संपतं! आमच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हातावर एक्स ठेवतात.

चिठ्ठ्यांचं खोकं माझ्या टेबलावरून उचलून नेलं. टायपिस्ट रडली. मी रडले नाही. इतकी संतापले होते, की रडायला जागाच नव्हती.

आणि तू! तुला विचारायला नको? मी लपवलं होतं ते माझं मी लपवलं होतं, ते सांगायचं की नाही हे माझं मी ठरवणार होते. तू चांगल्या मनानं केलंस हे मला माहीत आहे, म्हणून तर तुला धड शिव्याही देता येत नाहीत. भिंग सुरेख झालंय, कडेवरून बोट फिरवलं तर कुठे खरखर लागत नाही. त्यामुळे जास्तच राग येतो.

ऐकून ठेव. चौदा जुलैला समितीची बैठक आहे, त्यात टापटीपांची नोंद मंजुरीला येणार. मी तिथे जाणार, ‘सी’ परत मागणार, आणि सरळ सांगून मागणार. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याचा उपयोग करीन.

आता आशीर्वाद घे. लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.

ताई


३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीनं वाचून दाखवलं, कारण पहिल्या ओळीनंतर पुढे वाचायचा मला धीर होईना. चूक माझी. शंभर टक्के माझी. पार्सलावर काय लिहावं एवढी साधी अक्कल नाही आणि चालला बहिणीचे डोळे दुरुस्त करायला!

वाचून झाल्यावर मी म्हणालो, की एका परीनं बरंच झालं, आता तरी ताई इकडे येईल. त्यावर बायकोनं मला जे सुनावलं, ते तुझ्या कोशात बसणार नाही. म्हणाली, ताई इथे येऊन काय करतील, तुम्ही मारायला लावलेले पट्टे मोजतील? तुम्हाला त्यांची काळजी नाही, तुम्हाला तुमच्या जिवाला स्वस्थता हवी आहे, म्हणून त्यांना खोलीत आणून ठेवायचंय. मी चिडलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी काच घासताना पटलं. ती खोली मी तुझ्यासाठी नव्हतीच काढली. तू रस्ता ओलांडताना माझ्या डोळ्यांपुढे येतेस, ते थांबावं म्हणून काढली होती. आजच तिथे काचांची कपाटं हलवली आणि विषय संपवला.

तू बैठकीला जा. गप्प बसू नकोस. तो संचालक पुन्हा हळू आवाजात बोलला तर तू चढ्या आवाजात बोल. एक्स म्हणे! मी असतो तर त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काड्या उलट्या बसवून दिल्या असत्या.

लोभाचं कुलूप उघडेपर्यंत दारात बसून आहे.

तुझा,
धाकटा


१५ जुलै

चि. भिंग्यास,
अनेक आशीर्वाद. कुलूप काढलं. भावजयीला दोन आशीर्वाद जास्त.

काल बैठक झाली. लांब टेबल, पंख्याचा खडखडाट, माणसांच्या खांद्यांवर नुसते धूसर गोळे. आवाजावरून कोण कुठे बसलंय ते मी आल्याबरोबर लावून घेतलं. टापटीपांनी नोंद वाचली. पाहणे, बघणे, अवलोकन करणे. मुलगा डोंगर बघतो. मुलगी पक्षी बघते. मुलगा आणि मुलगी तळे बघतात. सगळं शुद्ध, स्वच्छ आणि मेलेलं. मी उभी राहिले आणि विचारलं, की हा मुलगा कोण, आणि हे कुणाच्या तोंडून ऐकलं. टापटीप बिचारे भले आहेत. त्यांनी कबूल केलं, की वाक्यं आपणच रचली, तो नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

मग मी सगळ्यांना सांगितलं, की माझ्या डोळ्यांचा मधला भाग जात चाललाय, हे तुम्हाला भिंगाच्या चिठ्ठीतून कळलं, आता माझ्या तोंडून ऐका. वाचायला मला माणूस लागतो. अर्थ लावायला लागत नाही. ही नोंद माझी आहे आणि मला परत हवी आहे.

अध्यक्ष माझ्या बाजूचे वाटले. ते म्हणाले, की यातून सोपा मार्ग काढू. कामापुरतं स्पष्ट दिसतं, असं बाईंनी एका कागदावर लिहून सही करावी, की संचालकांचीही हरकत राहणार नाही. संचालक लगेच हो म्हणाले. कागद तयारच होता. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, की हा नुसता उपचार आहे, सही करून टाका, कोण तपासायला येतंय?

भिंग्या, क्षणभर हात पुढे गेला. खरंच गेला. एका सहीत खोकं परत टेबलावर आलं असतं. पण मग जन्मभर मी त्यांच्या मेहेरबानीवर लपून काम करत राहणार. ज्या दिवशी त्यांना मी नकोशी होईन, त्या दिवशी तोच कागद काढून दाखवतील, की बाईंनी खोटं लिहून दिलं होतं. मी म्हटलं, खोटं लिहून मला खुर्ची नको, आणि खरं सांगितलं म्हणून मी खुर्ची सोडणारही नाही. आणि त्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: मला मधलं दिसत नाही. वाचून दाखवायला पगारी माणूस द्या. काम मी करणार. माझ्या नोंदीत चूक सापडली तर त्या दिवशी उठून जाईन. मग सही केली. ओळ कुठे गेली देव जाणे, पुठ्ठा घरी राहिला होता.

शेवटी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. तोवर ‘सी’चं खोकं कपाटात, किल्ली संचालकांच्या खिशात. मला नोकरीवरून काढण्याचीही भाषा चाललीय असं टायपिस्ट सांगते. पण सही मागे घेणार नाही.

लोभ आहेच. या वेळी तो थोडा जास्त लागेल.

तुझी,
ताई


२२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घेऊ नकोस. मागे अजिबात घेऊ नकोस. पत्र मी दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. शिंपी म्हणाला, “बाईंनी बरोबर ओळखलंन त्यांना.” हे तुझ्या इंग्रजाच्या कुठल्या ‘सी’त बसतं ते बघ आणि चिठ्ठी करून ठेव, खोकं परत येईल तेव्हा लागेल.

काढलं तर काढू देत. तू तुझ्या खोलीवर, तुझ्या टेबलाशी बस, आणि मी दर महिन्याला येऊन वाचून दाखवीन. मला इंग्रजी येत नाही हे खरं. पण अक्षरं येतात, आयुष्यभर तक्त्यावरची तीच दाखवत आलो. एकेक अक्षर सांगीन, तू जोडून घे. वेळ लागेल, तू ओरडशील, मी चहा करीन. पण तुझं काम त्यांच्या कपाटात अडकून राहणार नाही, एवढं मी बघतो.

लोभ लागेल तितका घ्यावा, हिशेब ठेवलेला नाही.

तुझा,
धाकटा


९ ऑगस्ट

चि. भिंग्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. मी सांगते आहे आणि टायपिस्ट हातानं लिहिते आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, हे तिनं स्वतःहून लिहिलं, मी सांगितलेलं नाही.

‘सी’ परत आला! परवा बैठक झाली. संचालकांनी भाषण केलं, संस्थेची प्रतिष्ठा वगैरे. मग मत देण्याची वेळ आली आणि पहिला हात टापटीपांचा वर गेला. ते म्हणाले, की मी महिनाभर बाजारात आणि बसथांब्यावर उभा राहून ऐकतो आहे, वहीभर वाक्यं जमली, पण कुठलं कुठे बसतं ते मला ठरवता येत नाही, बाईंना येतं, आणि मला शिकायचंय. अध्यक्षांनी हात वर केला, मग बाकीच्यांनी. टायपिस्टला वाचक म्हणून नेमलं, वाढीव पगारावर. संचालक म्हणाले, की आपला विरोध नोंदवून ठेवावा. मी म्हटलं, जरूर ठेवा, पण मोठ्या अक्षरात, म्हणजे मलाही वाचता येईल. भिंग्या, सगळे हसले, तेही हसले असावेत. तोंड दिसत नाही हे एक वाईट आहे.

आता उरलेलं सांगते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला आरशासमोर उभी राहिले, तर आरशात मी नव्हते. कान होते, केस होते, खांदे होते, मागची खिडकी होती. मध्ये नुसतं करडं. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, नजर तुझ्या चिठ्ठीप्रमाणे वर धरली. नाकाचा थोडा भाग आला आणि गेला. मी पलंगावर बसून मोठ्यानं रडले. घरमालकीण धावत वर आली. पाय मुरगळला असं सांगणार होते, पण नाही सांगितलं. खरं सांगितलं. ती बराच वेळ पाठीवरून हात फिरवत बसली. मला फार भीती वाटली, भिंग्या. अजून वाटते. ती तुला नाही सांगायची तर कुणाला?

मग तोंड धुतलं आणि जिना उतरले. रस्ता ओलांडताना एका बाईंचा हात मागितला, त्यांनी दिला. टायपिस्टनं विचारलं, की आज सुट्टी घेता का. मी म्हटलं, खोकं काढ.

इथे हिचं पेन थांबलंय. हिला म्हटलं, रडायचं तर कागद बाजूला ठेवून रड, पत्र भिजलं तर माझा भाऊ समजेल मीच रडते आहे.

तुला यायचंय तर ये, मला फार आवडेल. संध्याकाळी ये. दिवसा मी घरी नसते. माझ्या डोळ्यांत उद्या काय उरेल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. काही उरलं नाही तरी सकाळी दहाला मी त्या टेबलापाशी असेन, आणि मला तिथून उठवायचं तर आधी माझ्या नोंदीत चूक काढून दाखवायला लागेल.

लोभ आहेच. भीती वाटेल तेव्हा पत्र लिहीत जाईन, तूही लिहीत जा.

तुझी,
ताई